उत्क्रांती मान्य असणे आणि उत्क्रांती समजणे

2012 साली अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणात लोकांचे दोन गट केले गेले. पहिल्या गटापुढे विधान ठेवले: ‘आजचा माणूस प्राण्यांच्या आधीच्या प्रजातींपासून विकसित झाला.’ बरोबर की चूक? 48 टक्के लोकांनी ‘बरोबर’ म्हटले. दुसऱ्या गटाला हेच विधान दिले, फक्त सुरुवातीला ‘उत्क्रांतीच्या सिद्धांतानुसार’ एवढे शब्द जोडले. तिथे 72 टक्के लोकांनी ‘बरोबर’ म्हटले.

मधले 24 टक्के विचार करायला लावतात. विज्ञान काय सांगते हे त्यांना ठाऊक होते. ते आपले मत म्हणून नोंदवायची वेळ आली तेव्हा मात्र ते मागे सरले. उत्क्रांती नाकारणारा माणूस म्हणजे ती न शिकलेला माणूस, ही सुशिक्षितांची लाडकी समजूत इथेच ढासळते. दुसरी समजूतही तितकीच कच्ची आहे. जो ‘हो, मला मान्य आहे’ म्हणतो त्याला ती समजलेली असतेच असे नाही. मान्य असण्याची कारणे वेगळी, समजण्याची वेगळी, आणि चूक होते त्या जागाही वेगळ्या.

आकडा प्रश्नावर अवलंबून असतो

गॅलप ही संस्था 1982 पासून अमेरिकी लोकांना एकच प्रश्न विचारते आहे. त्याला तीन पर्याय आहेत. देवाने माणसाला गेल्या सुमारे 10,000 वर्षांत आजच्याच रूपात घडवले. माणूस लाखो वर्षांत विकसित झाला पण ती प्रक्रिया देवाने चालवली. किंवा माणूस विकसित झाला आणि देवाचा त्यात काही भाग नव्हता. 1982 साली पहिला पर्याय 44 टक्क्यांनी निवडला, 2024 साली 37 टक्क्यांनी. तिसरा पर्याय याच काळात 9 वरून 24 टक्क्यांवर गेला.

या प्रश्नातली खोच अशी, की एका वाक्यात तीन गोष्टी गुंफल्या आहेत: काळ किती, बदल झाला का, आणि देवाचा हात होता का. पृथ्वी अतिप्राचीन आहे हे मान्य असलेला, पण माणसाला देवाने स्वतंत्र घडवले असे मानणारा माणूस कुठे खूण करणार? त्याला जवळचा वाटेल तो पर्याय तो निवडतो, आणि बातमीत तो ‘10,000 वर्षांवर विश्वास ठेवणारा’ म्हणून मोजला जातो.

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेने 2019 साली याची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला आधी विचारले, माणूस बदलत आला की कायम असाच होता? ‘बदलत आला’ म्हणणाऱ्यांनाच पुढे देवाबद्दल विचारले. या पद्धतीत 31 टक्के लोक म्हणाले की माणूस कायम असाच होता. दुसऱ्या गटाला सगळे पर्याय एकदम दिले, त्यात ‘देवाच्या मार्गदर्शनाने बदलत आला’ हाही होता. आता ‘कायम असाच’ म्हणणारे उरले 18 टक्के. गोऱ्या इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांमध्ये, म्हणजे बायबलवर कडक निष्ठा ठेवणाऱ्या ख्रिस्ती गटात, हाच आकडा 66 वरून 38 वर आला. श्रद्धा सांगण्याची सोय उत्तरातच मिळाली, तेव्हा उत्क्रांती नाकारण्याची गरज पुष्कळांना वाटली नाही.

संशोधक वापरतात त्या प्रश्नावल्यांचेही असेच. 1999 साली तयार झालेली ‘मेट’ नावाची 20 विधानांची प्रश्नावली अजून बरीच वापरली जाते. तिच्यावरचा मुख्य आक्षेप असा की काही विधाने मत मोजतात, तर काही ज्ञान, आणि शेवटी सगळ्यांची एकच बेरीज होते. 2012 साली आलेली ‘आय-सी’ ही 24 विधानांची प्रश्नावली तीन भाग वेगळे ठेवते: एका प्रजातीच्या आत होणारे लहान बदल, नव्या प्रजाती निर्माण होणे, आणि माणसाची उत्क्रांती. असे तुकडे केले की जीवाणूंमध्ये औषधांना दाद न देण्याचा गुण वाढतो हे बहुतेकांना मान्य असल्याचे दिसते, प्रजातीपासून प्रजाती म्हटले की होकार कमी होतो, आणि माणसाचे नाव आले की सर्वांत कमी. तेव्हा ‘अमुक टक्के लोक उत्क्रांती मानतात’ असे वाक्य दिसले तर आधी विचारावे: कोणाची उत्क्रांती?

देशादेशांतला फरकही खरा आहे. 2006 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात 34 देशांची तुलना आली. आइसलँड, डेन्मार्क, स्वीडन, फ्रान्स इथे सुमारे 80 टक्के किंवा त्याहून अधिक प्रौढांना माणसाची उत्क्रांती मान्य होती. यादीच्या तळाशी तुर्कस्तान आणि त्याच्या लगेच वर अमेरिका. 1985 ते 2005 या वीस वर्षांत अमेरिकेत ठाम नकार 48 वरून 39 टक्क्यांवर आला, पण होकार वाढला नाही. ‘खात्री नाही’ म्हणणारे 7 वरून 21 टक्के झाले. पुढे होकार वाढत गेला आणि 2019 साली तो 54 टक्क्यांवर पोहोचला. लोक नकारावरून थेट होकारावर उडी मारत नाहीत, मधल्या शंकेच्या मुक्कामी बराच काळ थांबतात, असे या आकड्यांवरून वाटते.

नकार कुठून येतो

सर्वांत वजनदार कारण धर्म, यात वाद नाही. पण ‘धर्म’ एवढे म्हणून थांबले तर निम्मीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. कॅथलिक चर्चचे उदाहरण घ्या. 1950 साली पोप पायस बारावे यांनी माणसाच्या शरीराच्या उगमाचा अभ्यास करायला हरकत नाही असे म्हटले; आत्मा मात्र देवाने दिलेला, ही अट ठेवली. 1996 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती हा केवळ तर्क उरलेला नाही असे सांगितले. विसाव्या शतकात नैसर्गिक निवड (उपयोगी गुण असलेल्या सजीवांची संतती जास्त उरणे) आणि आनुवंशिकी यांची सांगड घालणाऱ्यांपैकी एक, थिओडोसियस डॉबझन्स्की, हे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. माणसाचा संपूर्ण डीएनए वाचणाऱ्या मानवी जीनोम प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रान्सिस कॉलिन्स हेही श्रद्धाळू.

म्हणजे कळीची गोष्ट श्रद्धेपेक्षा एक विशिष्ट समजूत आहे: उत्क्रांती मानायची तर देव सोडावा लागतो. अमेरिकी विद्यापीठांत जीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांना उत्क्रांती म्हणजे ‘देव नाही’ असेच विधान वाटत होते. श्रद्धाळू विद्यार्थ्यांपैकी ज्यांची ही समजूत होती, त्यांच्यात उत्क्रांतीचा स्वीकार कमी आढळला. विज्ञानाला देव आहे की नाही याचा निवाडा करायचे साधनच नाही. सजीव कसे बदलतात एवढेच ते सांगते. काही कडवे नास्तिक आणि काही कडवे धर्मप्रचारक या एका बाबतीत मात्र एकमताने उलटे सांगत असतात, हा या वादातला विनोदी भाग.

शिक्षण वाढवले की प्रश्न सुटेल, ही आशाही तपासून पाहिली गेली आहे. 2017 साली केटलिन ड्रमंड आणि बारूक फिशहॉफ यांनी अमेरिकी सर्वेक्षणांची माहिती तपासली. माणसाची उत्क्रांती, विश्वाची सुरुवात अशा धर्माशी जोडल्या गेलेल्या विषयांवर, जास्त शिकलेल्या आणि विज्ञानाची जास्त माहिती असलेल्या लोकांमध्ये मतांची दरी रुंद होती. कमी धार्मिक माणूस जितका शिकला तितका होकार पक्का. अतिधार्मिक माणसात शिक्षणाने तसे झाले नाही. हुशारी जास्त असली की आपल्या गटाची बाजू मांडण्याची ताकदही जास्त, असा याचा एक सरळ अर्थ लावला जातो. ‘मी कोणाचा’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून माणूस जेव्हा एखादे मत धरतो, तेव्हा पुराव्याचा ढीग रचून ते हलत नाही. मत बदलण्याची किंमत त्याला घरात, समाजात मोजावी लागणार असते, आणि न बदलण्याने रोजच्या जगण्यात काही बिघडत नाही. हा हिशेब मूर्खपणाचा म्हणता येत नाही.

माणूस प्राणीच ठरला तर नीतीला आधार काय, ही भीतीही अनेकांना वाटते. तिला जीवाश्म दाखवून उत्तर मिळत नाही, कारण ती जीवाश्मांबद्दलची शंका नव्हेच.

शाळेचा वाटा वेगळ्या प्रकारचा आहे. मायकेल बर्कमन आणि एरिक प्लुट्झर यांनी अमेरिकेतल्या सरकारी शाळांमधल्या 926 जीवशास्त्र शिक्षकांची माहिती गोळा केली. ती 2011 साली प्रसिद्ध झाली. सुमारे 28 टक्के शिक्षक उत्क्रांती ठामपणे शिकवत होते, 13 टक्के उघडपणे सृष्टिनिर्मितीची बाजू घेत होते. उरलेले 60 टक्के सावध होते. कोणी फक्त जनुकांपुरते बोलायचे, कोणी ‘परीक्षेसाठी एवढे पाठ करा’ म्हणायचे, कोणी ‘दोन्ही बाजू ऐका आणि ठरवा’ म्हणून सुटका करून घ्यायचे. न्यायालयाचे निकाल 13 टक्क्यांना आवरू शकतात. 2005 साली पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर खटल्यात ‘बुद्धिमान रचना’ (सजीव कोणा बुद्धिमान कर्त्याने रचले असा दावा) हे विज्ञान नाही असा निकाल लागलाच. पण 60 टक्क्यांचा संकोच निकालाने जात नाही, आणि विद्यार्थी संकोच बरोबर ओळखतात.

होकार कुठून येतो

बहुतेक लोक उत्क्रांती मानतात ती जाणकारांवर भरवसा ठेवून. यात लाजण्यासारखे काही नाही. अणूची रचना किंवा पृथ्वीचे वय कोणी घरी मोजत नाही. प्यूच्या 2009 च्या पाहणीत 97 टक्के शास्त्रज्ञांनी माणूस व इतर सजीव बदलत आले असे सांगितले. ज्या क्षेत्रात माणसे एकमेकांच्या चुका काढून नाव कमावतात, तिथे इतके एकमत आहे हा भरवसा ठेवायला पुरेसा आधार आहे.

आणि हे एकमत फुकट मिळालेले नाही. डार्विनचे पुस्तक 1859 साली आले. त्यानंतर काही दशकांत ‘सजीव बदलत आले’ हे बहुतेक जीवशास्त्रज्ञांना पटले, पण ‘नैसर्गिक निवडीने बदलले’ यावर खूप जण अडून राहिले. त्यांच्या शंका चांगल्या होत्या. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विनने पृथ्वी थंड होण्याच्या हिशेबावरून तिचे वय काढले आणि 1897 पर्यंत ते 2 ते 4 कोटी वर्षांवर आणून ठेवले. निवडीला एवढा काळ अपुरा होता. फ्लीमिंग जेन्किन या अभियंत्याने 1867 साली विचारले, आईबापांचे गुण रंगांसारखे मिसळत असतील तर एखादा नवा उपयोगी गुण काही पिढ्यांत विरून जाणार नाही का? डार्विनला याची समाधानकारक उत्तरे देता आली नाहीत. किरणोत्सर्गाचा शोध लागल्यावर खडकांचे वय थेट मोजता आले आणि आज पृथ्वीचे वय सुमारे 454 कोटी वर्षे धरले जाते. वाटाण्यांवर प्रयोग करणाऱ्या मेंडेलचे काम 1900 साली पुन्हा उजेडात आले आणि गुण मिसळत नाहीत, सुट्या एककांत पुढे जातात, हे कळले. दोन्ही अडचणी दूर झाल्या, मग शास्त्रज्ञ वळले.

पण भरवशाने आलेला होकार समज सोबत आणत नाही. ‘उत्क्रांती मानतो’ म्हणणाऱ्या माणसाला प्रक्रिया सांगायला लावली, तर बरेचदा ऐकू येते: प्राण्याला गरज पडली, त्याने जुळवून घेतले, तो बदलला. हे चूक आहे, आणि ही चूक नकार देणाऱ्यांइतकीच होकार देणाऱ्यांतही सापडते.

आपल्या मनाच्या दोन सवयी

पहिली सवय हेतू शोधण्याची. मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांच्या 1999 च्या प्रयोगात लहान मुलांना विचारले, खडक टोकदार का असतात? मुलांना ‘हळूहळू थर साचून’ यापेक्षा ‘प्राण्यांना अंग खाजवता यावे म्हणून’ असे उत्तर जास्त आवडले. ही सवय मोठेपणी सुटत नाही, दबते. 2013 साली अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांतल्या भौतिक शास्त्रांच्या संशोधकांना घाईत उत्तरे द्यायला लावली, तेव्हा त्यांनीही ‘अमुक व्हावे म्हणून तमुक असते’ छापाची चुकीची विधाने जास्त प्रमाणात मान्य केली.

दुसरी सवय म्हणजे प्रत्येक प्रजातीला न बदलणारा गाभा आहे असे धरून चालण्याची. वाघ तो वाघ. मग वाघावाघांतले फरक किरकोळ दोष वाटतात, आणि प्रजाती बदलायची तर कुठल्यातरी एका पिढीत एका प्राण्याने दुसरा प्राणी जन्माला घातला पाहिजे असे वाटू लागते. ‘माकडापासून माणूस झाला, तर माकडे अजून कशी?’ हा प्रश्न इथूनच निघतो. आजचे चिंपांझी आपले आजोबा नव्हेत, चुलत भावंडे आहेत. दोघांचा सामाईक पूर्वज साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी होता. तो ना माणूस होता ना आजचा चिंपांझी. चुलत भाऊ जिवंत आहे म्हणून कोणी आपल्या जन्मावर शंका घेत नाही.

प्रक्रिया, नेमकी

समजावताना क्रम महत्त्वाचा. सुरुवात फरकापासून करावी. कोणत्याही गटात सगळे सारखे नसतात, आणि नव्या फरकांचा पुरवठा चालू असतो. प्रत्येक नवजात बालकाच्या डीएनएमध्ये आईबापांत नसलेले साधारण 60-70 नवे बदल असतात. बहुतेकांचा काही परिणाम होत नाही, काही अपायकारक, क्वचित एखादा उपयोगी. हे बदल गरज पाहून होत नाहीत. प्रती काढतानाच्या चुका आहेत त्या. मग वारसा: फरक पिल्लांत उतरला पाहिजे. मग संख्या: जन्मतात त्यातले सगळे वाढून प्रजनन करत नाहीत. आणि ज्यांच्यातला फरक त्या परिस्थितीत थोडा उपयोगी, त्यांची पिल्ले सरासरीने थोडी जास्त उरतात. इथे प्राणी बदलत नाही, गटातले प्रमाण बदलते. हे एक वाक्य पक्के बसले तर निम्मे गैरसमज आपोआप गळतात.

‘थोडा’ म्हणजे किती याचा हिशेब करून दाखवावा. एखाद्या गुणाने दर पिढीला फक्त 1 टक्का जास्त संतती मिळत असेल, तर तो गुण गटातल्या 1 टक्क्यावरून 99 टक्क्यांपर्यंत जायला सुमारे 920 पिढ्या लागतात. दर 20 मिनिटांनी दुप्पट होणाऱ्या जीवाणूंत याला दोन आठवडेही पुरतात. 25 वर्षांची पिढी धरली तर 23,000 वर्षे. एका आयुष्यात काही दिसत नाही, आणि 454 कोटी वर्षांच्या पृथ्वीवर तो काळ नगण्य आहे. लोकांना उत्क्रांती अशक्य वाटते त्याचे मोठे कारण म्हणजे या दोन मोजपट्ट्यांमधले अंतर मनाला पेलत नाही.

जिथे पिढ्या झपाट्याने जातात तिथे ती बघताही येते. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी 24 फेब्रुवारी 1988 रोजी ई. कोलाय जीवाणूंचे 12 गट वेगवेगळ्या काचपात्रांत सुरू केले. रोज प्रत्येक पात्रातला शंभरावा भाग नव्या द्रवात घालायचा. त्यामुळे दिवसाला साधारण 6.6 पिढ्या होतात. अधूनमधून नमुने गोठवून ठेवतात, म्हणजे पूर्वज पुन्हा जिवंत करून वंशजांशी त्यांची स्पर्धा लावता येते. द्रवात सायट्रेट (लिंबातल्या आम्लापासून बनणारे संयुग) होते, पण हे जीवाणू हवेच्या सान्निध्यात ते खाऊ शकत नाहीत. सुमारे 31,500 पिढ्यांनंतर 12 पैकी एका गटात ते खाणारे जीवाणू निघाले. गरज बाराही गटांना होती. योग्य बदल एकातच घडले होते.

पुरावा मागणाऱ्याला काय द्यावे

ढिगाने उदाहरणे देण्यापेक्षा आधी भाकीत, मग तपासणी, असे एकच उदाहरण नीट मांडावे. गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या (पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्यांच्या) 24 जोड्या, माणसात 23. पूर्वज सामाईक असेल तर एक जोडी गेली कुठे? ती नुसती हरवली असती तर जगणे अशक्य झाले असते. म्हणून दोन गुणसूत्रे टोकाला टोक लागून जोडली गेली असली पाहिजेत. तसे असेल तर माणसाच्या एखाद्या गुणसूत्राच्या मध्यभागी, एरवी फक्त टोकांना असणारे डीएनएचे तुकडे सापडायला हवेत, तेही एकमेकांकडे तोंड केलेले. आणि पेशी विभागताना पकडायची जागा एकाऐवजी दोन ठिकाणी हवी, त्यातली एक निकामी. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात हे सगळे आहे. जोडाची नेमकी जागा 1991 साली दाखवली गेली. भाकीत चुकण्याची पूर्ण संधी होती, ते चुकले नाही.

जीवाश्मांतले टिकटालिक याच पठडीतले, पण ते सांगताना अतिशयोक्ती टाळावी. 2004 साली कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समियर बेटावर, मुद्दाम योग्य वयाचे आणि उथळ प्रवाहात बनलेले खडक निवडून, नील शुबिन व सहकाऱ्यांनी सुमारे 37.5 कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी शोधला. खवले आणि पर माशाचे, पण मान हलणारी आणि परांच्या आत मनगटासारखी हाडे. त्याला ‘आपला थेट पूर्वज’ म्हणून मांडणारे अडचणीत येतात, कारण 2010 साली पोलंडमधून त्याहून जुने, सुमारे 39 कोटी वर्षांपूर्वीचे चार पायांच्या प्राण्यांचे ठसे जाहीर झाले. टिकटालिक दाखवते ते मधल्या टप्प्यावरचे शरीर कसे होते एवढेच.

बोलण्याच्या क्रमातही चुका होतात. सुरुवातच माणसापासून केली की ऐकणारा बचावात जातो. जीवाणू, मासे, पक्षी यांवर प्रक्रिया समजली की मग माणसाकडे यावे. श्रद्धाळू वैज्ञानिकांची उदाहरणे आधीच सांगितली आणि ‘हा देवाबद्दलचा निकाल नाही’ हे स्पष्ट केले की संघर्ष कमी वाटतो, असे वर्गांतल्या अभ्यासांत दिसले आहे. आणि ‘तुम्ही मानता का?’ हे वर्गात विचारूच नये. गुण समजण्याला द्यावेत.

समज तपासायला अंध गुहामासे उत्तम. मेक्सिकोतल्या नद्यांत ॲस्टियानॅक्स हा डोळस मासा आहे, आणि तिथल्या गुहांत त्याच प्रजातीचे आंधळे मासे. विचारावे, डोळे का गेले? ‘वापर नव्हता म्हणून’ असे उत्तर आले की थांबू नये, पुढचा प्रश्न टाकावा. वेगवेगळ्या गुहांतल्या दोन आंधळ्या माशांचा संकर केला तर काही पिल्लांना दिसते. हे कसे? प्रक्रिया समजलेला माणूस थोडा विचार करून उत्तर देतो: अंधारात डोळा बिघडवणारे बदल गाळले जात नाहीत, आणि डोळा पोसण्याची ऊर्जा वाचली तर फायदाच. पण प्रत्येक गुहेत बिघाड स्वतंत्रपणे झाला, वेगळ्या जनुकांत झाला. पिल्लाला एका गुहेकडून एका जनुकाची चांगली प्रत मिळाली, दुसऱ्या गुहेकडून दुसऱ्याची, आणि डोळा तयार झाला.